नाशिकरोडला छापलेली देशाची ओळख : नव्या ई-पासपोर्टचा अनुभव

नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये १९२५ पासून टपाल तिकिटे छापली जात आहेत आणि देशाचे पासपोर्टही तिथेच तयार होतात; त्यामुळे गेल्या महिन्यात स्पीड पोस्टाने हाती आलेला माझा नवा ई-पासपोर्ट (म्हणजे चिप बसवलेला पासपोर्ट) घरापासून हाकेच्या अंतरावर छापलेला आहे, या जाणिवेनेच मी तो उघडला.

जुन्या पासपोर्टशेजारी ठेवल्यावर फरक चटकन दिसत नाही. तेच गडद निळे कव्हर, तेच सारनाथचे सिंह. फक्त खाली एक लहान सोनेरी चिन्ह आहे, आडवा आयत आणि मधोमध वर्तुळ. आत चिप आणि अँटेना बसवलेली आहे, हे सांगणारी ही जगभरची खूण. कव्हरावर घोषवाक्य नाही की चकचकाट नाही, आणि हा संयम मला मनापासून आवडला.

जगापुढे स्वतःची प्रतिमा उभी करण्यासाठी आपण गेल्या दोन दशकांत पुष्कळ खटाटोप केला. २००२ मध्ये ‘अतुल्य भारत’ मोहीम सुरू झाली, २०१५ पासून २१ जूनला जागतिक योग दिन साजरा होऊ लागला, २०२३ मध्ये ‘जी-२०’चे यजमानपद गाजले. पण या सगळ्यांत आपण आपल्याविषयी बोलत होतो. पासपोर्टच्या बाबतीत समोरचा अधिकारी आपल्याला तपासतो. चिपमधील माहितीवर सरकारची डिजिटल स्वाक्षरी असते आणि ती खरी आहे की नाही, हे परदेशातील यंत्रच ठरवते. म्हणून उगवत्या सत्तेची पत अशा तपासणीत अधिक खरी कळते, असे माझे मत आहे.

या कामात आपण उशीर केला, हेही नमूद केले पाहिजे. मलेशियाने १९९८ मध्येच ई-पासपोर्ट काढला. आपल्याकडे २००८ मध्ये पहिला राजनैतिक ई-पासपोर्ट तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांना देण्यात आला, तर सामान्य नागरिकांसाठी हे काम २०२४ मध्ये सुरू झाले. शिवाय अमेरिका, ब्रिटन किंवा एकाच सामाईक व्हिसावर चालणाऱ्या युरोपातील शेंगेन देशांत जाण्यासाठी व्हिसाची रांग चिपमुळे टळत नाही. राष्ट्रपतींच्या नावाने धारकाला विनाअडथळा जाऊ देण्याची विनंती करणारा आतील मजकूर वाचताना ही रांग आठवते आणि मन खट्टू होते.

छत्तीस पानांच्या पुस्तिकेसाठी मी १५०० रुपये भरले. अर्ज मात्र स्वतः भरावा. एका एजंटाने माझा पत्ता चुकीचा लिहिल्यामुळे मला पुन्हा हेलपाटा पडला. पुस्तिका मिळाल्यावर ती वाकवू नये आणि बोर्डिंग पास स्टेपल करून तिला जोडू नये, कारण आतील अँटेना नाजूक असते.