यूएसबी टर्नटेबल, काही महिन्यांनंतर: वेग दोन टक्के जास्त, आणि सर्व्हिसवाले म्हणतात ‘मर्यादेत’

बेल्ट बदलून टर्नटेबल सर्व्हिस सेंटरमधून परत आलं तेव्हा सोबतच्या कागदावर ‘वेग मर्यादेत’ एवढाच शेरा होता. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाला ५० फेऱ्यांना ९० सेकंद लागायला हवेत. लागतात ८८.२. म्हणजे वेग दोन टक्के जास्त. फोनवर विचारलं तरी उत्तर तेच, एवढा फरक कानाला कळत नाही. जी गाणी सगळीकडे मिळतात ती ऐकायला हे चालेलही. पण असं यंत्र घेणारे बरेचजण अशा रेकॉर्डी गोळा करतात ज्या कुठल्याही स्ट्रीमिंग सेवेवर नाहीत: छोट्या लेबलांच्या ईपी (मोजक्या गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डी), कलाकाराने स्वतःच्या खर्चाने काढलेल्या शेदोनशे प्रती, बंद पडलेल्या कंपन्यांचे उरलेसुरले तुकडे. त्या कामाला हा फरक चालत नाही. म्हणून या अनुभवात बहुतेक जागा त्या दोन टक्क्यांनाच दिली आहे.

गाजलेल्या रेकॉर्डची एखादी डिजिटल प्रत चुकीच्या वेगाने निघाली तर शेजारी बरोबर असलेल्या दहा प्रती असतात, चूक लगेच पकडली जाते. अनोळखी रेकॉर्डचं तसं नसतं. तुम्ही काढलेली फाइल हीच एकुलती प्रत ठरू शकते. ती एकाकडून दुसऱ्याकडे जाते, कुणी त्यावरून स्वरलेखन करतं, कुणी ‘आवाज किती पातळ होता’ असं मत बनवतं. तपासायला समोर दुसरं काहीच नसतं.

आकडे बघा. वेगात १ टक्का फरक म्हणजे सुमारे १७ सेंट, २ टक्के म्हणजे ३४. अर्धा स्वर १०० सेंटचा, म्हणजे जवळपास ६ टक्क्यांचा. सर्वांत वाईट आकडा ३ टक्क्यांचा, कारण तेव्हा गाणं दोन लगतच्या पट्ट्यांच्या नेमकं मधे येऊन पडतं आणि मूळ पट्टी वरची की खालची हे नुसतं ऐकून ठरवता येत नाही. लयही त्याच प्रमाणात चढते, आवाजाची कंपनंही.

शोधणाऱ्यांसाठी आणखी एक नुकसान आहे. ध्वनीवरून गाणं ओळखणाऱ्या सेवा आणि म्युझिकब्रेन्झ या संगीत-नोंदसंग्रहाच्या पिकार्डसारखी सॉफ्टवेअर आवाजाच्या ज्या ठशांवर चालतात, त्यांची जुळणी वेगात काही टक्क्यांचा फरक पडला की फसते. उत्तर ‘सापडलं नाही’ असं येतं आणि आपण दुर्मीळ काही हाती लागलं असं समजून बसतो. आधी वेग दुरुस्त करा, मग शोधा.

आता मोजायचं कसं. स्ट्रोब चकती फिरताना तिच्यावरच्या रेघा दिव्याखाली स्थिर दिसल्या की वेग बरोबर. तिच्यावर ५० हर्ट्झच्या विजेसाठी ३३⅓ ला १८० रेघा असतात, ६० हर्ट्झसाठी २१६. ४५ ला ६० हर्ट्झवर बरोबर १६० रेघा बसतात. ५० हर्ट्झवर मात्र पूर्णांक येत नाही, १३३ रेघांची चकती स्थिर दिसली तर खरा वेग ४५.११ असतो. चकतीवर विजेच्या वारंवारितेच्या दुपटीने लुकलुकणारा दिवा हवा. चांगल्या ड्रायव्हरचा एलईडी लुकलुकतच नाही, त्याच्या उजेडात रेघा नुसत्या पुसट दिसतात आणि माणूस बिघाड यंत्रात शोधत राहतो. फोन प्लॅटरवर (रेकॉर्ड ठेवायच्या फिरत्या तबकडीवर) ठेवून वेग दाखवणारी ॲप्स मी वापरत नाही. फोनचं वजन एका बाजूला पडतं आणि सुई खाचेत असताना जो ओढा लागतो तो त्यात धरला जात नाही.

सगळ्यांत भरवशाची पद्धत फुकट आहे आणि ती ओरखडा पडलेल्या रेकॉर्डवर चालते. एक आडवा ओरखडा प्रत्येक फेरीला एकदा ‘टक्’ करतो. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तो भाग रेकॉर्ड करा, वेव्हफॉर्म मोठा करून एका टक् च्या टोकापासून मोजून पन्नासाव्या टक् च्या टोकापर्यंत निवड करा. पहिला टक् शून्य धरायचा, नाहीतर एक फेरी कमी मोजली जाते. ३३⅓ ला एका फेरीला १.८ सेकंद, ५० फेऱ्यांना ९०. ४५ ला एक फेरी १.३३३ सेकंदांची, ४५ फेऱ्या बरोबर ६० सेकंदांत. मिळालेली वेळ भागिले हवी असलेली वेळ, हा आकडा वेग बदलण्याच्या इफेक्टमध्ये ‘स्पीड मल्टिप्लायर’च्या जागी टाकायचा. ८८.२ भागिले ९० म्हणजे ०.९८. फक्त स्वर बदलणारा किंवा फक्त लय बदलणारा इफेक्ट इथे वापरू नका, दोन्ही एकत्र बदलायला हवेत. यंत्र काही महिन्यांपूर्वी विकून टाकलं असलं तरी जुन्या फाइलमधल्या ओरखड्यावरून त्या दिवशीचा वेग असा काढता येतो. म्हणून क्लिक काढण्याचा इफेक्ट नेहमी सर्वांत शेवटी.

इथपर्यंत आल्यावर यंत्र परत करा असाच सल्ला मी दिला असता. पण खालून पाहिलं तर डीसी मोटरच्या तळाला दोन बारीक छिद्रं आहेत आणि आत दोन ट्रिमर (वेग जुळवायचे बारीक स्क्रू), एक ३३ चा, एक ४५ चा. बारीक, शक्यतो प्लास्टिकच्या पेचकसाने केसभर फिरवायचं, अर्धा मिनिट थांबायचं, पुन्हा मोजायचं. पाव आटाही फार होतो. मोजणी यंत्र पंधरा-वीस मिनिटं फिरल्यानंतरच करा. थंड मोटर आणि ताठर बेल्ट यांचा वेग सुरुवातीला सरकत असतो. सुई रेकॉर्डवर हवी.

दोन टक्के आले कुठून, तेही कळलं. सर्व्हिसमध्ये घातलेला बेल्ट मूळ बेल्टपेक्षा जाड आहे. बेल्टची अर्धी जाडी पुलीच्या (मोटरवरच्या चाकाच्या) त्रिज्येत मिळते, पुली मोठी झाल्यासारखी वागते आणि प्लॅटर जोरात फिरतो. बेल्ट घेताना लोक फक्त लांबी बघतात, जाडी मापतच नाहीत. उलट बाजूला सैल किंवा तेलकट बेल्ट घसरतो आणि वेग मंदावतो, तोही एकसारखा नाही. पुली आणि प्लॅटरची आतली कड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, बेल्टला उघड्या बोटांनी फार हात लावू नका. योग्य जाडीचा बेल्ट आणि ट्रिमर जुळवल्यावर ५० फेऱ्या ९० सेकंदांच्या आसपास येऊन टिकल्या आहेत. त्यामुळे यंत्राबद्दलचं मत बरंच सुधारलं, सर्व्हिसबद्दलचं नाही. हे काम त्यांनी करायचं होतं.

एक गोष्ट मात्र यंत्राच्या माथी मारू नये. लांब सूर दर १.८ सेकंदांनी डोलत असेल तर बहुतेक वेळा रेकॉर्डचं भोक मध्यावर नसतं. अर्धा मिलिमीटर सरकलेलं भोक आतल्या खाचांवर, म्हणजे ६० मिमी त्रिज्येवर, सुमारे ०.८ टक्के वर आणि तितकाच खाली असा हेलकावा देतं. बाहेरच्या खाचांवर त्याच्या निम्म्याहूनही कमी. टोनआर्म (सुई धरणारा दांडा) डावी-उजवीकडे हलताना डोळ्यांना दिसतो. छोट्या कारखान्यांच्या छपाईत हे बऱ्याचदा आढळतं. डोलणं दर फेरीशी जुळत नसेल, तेव्हा बेल्ट आणि पुलीकडे बघा.

रेकॉर्ड बरोबर वेगाने फिरली तरी स्टुडिओतली टेप चुकीच्या वेगाने चाललेली असू शकते. त्यासाठी विजेची गुणगुण कामी येते. विद्युत पद्धतीच्या ध्वनिमुद्रणात (व्यावसायिक रेकॉर्डींत ते १९२५ पासून) त्या देशाच्या विजेची ५० किंवा ६० हर्ट्झची गुणगुण अनेकदा खाचेत उतरलेली असते. आधी सुई उचलून काही सेकंद रेकॉर्ड करा; तिथे दिसेल ती आपल्या यंत्राची गुणगुण. मग गाण्यातला शांत भाग घ्या, ट्रॅक ८००० हर्ट्झला (सेकंदाला तेवढे नमुने) रिसँपल करा आणि स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या वारंवारितेला किती आवाज याचा आलेख, ६५५३६ च्या आकाराने काढा, म्हणजे ०.१२ हर्ट्झपर्यंतचा फरक दिसतो. ४४१०० वरच राहिलात तर त्याच आकाराला एक पायरी ०.६७ हर्ट्झची पडते आणि ५० हर्ट्झवर एका टक्क्याची चूकही त्यात लपते. ५१ हर्ट्झला वेगळं शिखर दिसलं तर मूळ विजेच्या तुलनेत आवाज २ टक्के चढा आहे. शिखर नसेल तर ओढूनताणून शोधू नका, सगळ्या रेकॉर्डींत ते नसतं.

यूएसबीबद्दल थोडक्यात. आतला कन्व्हर्टर १६ बिटचा आहे आणि त्याची पातळी कमी करायची सोय नाही. जोरात कापलेल्या ४५ च्या ईपी सरळ क्लिप होतात, वेव्हफॉर्मची टोकं सपाट दिसतात, आणि संगणकात आवाज कमी केल्याने ती परत येत नाहीत. लाइन-आउटमधून वेगळ्या ऑडिओ इंटरफेसला जोडा, २४ बिटला, सर्वांत मोठं टोक −६ डेसिबलच्या आसपास ठेवून. यंत्रावर यूएसबी लिहिलंय म्हणून ते जास्त पैशांना घेण्यात अर्थ नाही.

७८ चा वेग दिलाय, पण सोबतची सुई एलपीची आहे. ७८ च्या खाचेला साधारण ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लागते, एलपीची ०.७ मिलची असते. ती खाचेच्या तळाशी घासत जाते आणि खरखरच जास्त ऐकू येते. सुई वेगळी घ्या. शेलॅकच्या रेकॉर्डीला अल्कोहोल अजिबात लावू नका, शेलॅक त्यात विरघळतं. शिवाय जुन्या ७८ च्या लेबलवर काहीही लिहिलं असलं तरी खरा मुद्रणवेग ७८ असेलच असं नाही.

सुखद धक्का मोनो रेकॉर्डींनी दिला. अनोळखी जुन्या ईपी बहुतेक मोनो असतात, पण स्टीरिओ कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) खाचेच्या दोन्ही भिंती वेगवेगळ्या वाचते. डावं-उजवं एकत्र केलं की दोन्हींत वेगवेगळी असलेली खरखर आवाजाच्या तुलनेत ३ डेसिबलने खाली जाते. त्याआधी दोन्ही बाजू एकेक करून ऐका. आधीच्या मालकाच्या बोथट सुईने एकच भिंत खरवडलेली असेल तर एकत्र करू नका, चांगली भिंत तेवढी ठेवा. खराब म्हणून बाजूला टाकलेल्या कितीतरी ईपी अशा ऐकण्याजोग्या होतात.

नोंदीचं काम यंत्राइतकंच महत्त्वाचं आहे. डिस्कॉग्ज या रेकॉर्डींच्या ऑनलाइन नोंदसंग्रहात (तो २००० पासून चालू आहे) शोधताना गाण्याच्या नावाआधी लेबलचा कॅटलॉग क्रमांक टाका, मग त्याच्या आधीचा आणि पुढचा क्रमांक. छोट्या लेबलांनी एकाच सुमारास एकाच चमूकडून काढलेल्या गोष्टी शेजारशेजारच्या क्रमांकांत सापडतात. नवीन नावं मिळण्याची याहून चांगली वाट मला माहीत नाही. शेवटच्या खाचेनंतरच्या कोऱ्या पट्टीवर कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक तिरप्या उजेडात वाचून उतरवा, लेबल सारखं असूनही छपाई वेगळी असेल तर तिथेच कळतं.

प्रत्येक रेकॉर्डच्या फोल्डरमध्ये दोन फ्लॅक (दर्जा न घटवता लहान होणाऱ्या) फाइल ठेवा: एक जशी निघाली तशी, टक् सकट, आणि एक दुरुस्त केलेली. सोबत साध्या टेक्स्ट फाइलमध्ये कॅटलॉग क्रमांक, मॅट्रिक्स क्रमांक, सुईचा आकार, ५० फेऱ्यांची मोजलेली वेळ, लावलेला मल्टिप्लायर आणि गुणगुणीचं शिखर दिसलं असेल तर त्याचा आकडा.