डोकं होतं, बोल्ट नव्हता

जुनी गाडी बाळगणाऱ्यांनी हे वाचा, निदान सीटच्या कामाला गाडी देण्याआधी तरी.

माझ्या गाडीची ड्रायव्हरची सीट मागून हलायला लागली होती. सीट ज्यावर पुढे-मागे सरकते ती रेल धरणाऱ्या चार बोल्टांपैकी मागचे दोन गेलेले. एकाचं डोकं तुटलं होतं, दुसरा नुसताच गरगर फिरत होता. अशा गाड्यांत नट फ्लोअरच्या पत्र्याला खालून वेल्ड केलेला असतो. गंजून तो सुटला की बोल्टाबरोबर नटही फिरतो, मग वरून पाना कितीही फिरवा.

कारागिराने काम अगदी बरोबर सांगितलं. सडका पत्रा कापायचा, नवा तुकडा वेल्ड करायचा, खालून जाड पट्टी, नवे नट, ८.८ ग्रेडचे, म्हणजे जास्त ताकदीचे, बोल्ट. इतकं नेमकं बोलणारा फसवेल असं वाटलंच नाही. काम न येणारा माणूस चुकतो, याला तर सगळं येत होतं.

गाडी परत आली तेव्हा कार्पेट चिकटवलेलं, खालून ताजं काळं अंडरकोटिंग, म्हणजे गंज रोखणारा लेप. सीट ओढून पाहिली, ढिम्म हलेना. जुने बोल्ट मागितले तर म्हणाला, "भंगारात गेले साहेब, त्या गंजाचं काय करताय?" मीही हसलो. वर, शेजारची सीटही बघून दिली, त्याचे पैसे नकोत, असं म्हणाला. केवढा भला माणूस!

तीनेक आठवड्यांनी कुत्रं आडवं आलं म्हणून करकचून ब्रेक दाबला आणि सीट मागून उचलली गेली. ब्रेक लागला की सीट पुढे कलंडू बघते आणि मागचे बोल्ट वर ओढले जातात, त्यामुळे खरी परीक्षा त्यांचीच. सीटबेल्टचा पट्टा फ्लोअरला वेगळा बांधलेला होता म्हणून छाती वाचली. पाठीवर मात्र सीट आदळली.

घरी येऊन कार्पेट सोललं. एक बोल्ट चिमटीतच वर आला. बोल्ट कसला, नुसतं डोकं! दांडा डोक्याखाली कापलेला, करवतीच्या रेघा स्पष्ट, आणि तळाला पिवळट एपॉक्सी गोंदाचा गोळा. डोक्यावर ८.८ मात्र ठसठशीत. दुसऱ्या जागचा तुटका तुकडा त्याने काढला होता खरा, पण तिथे चुकीच्या आट्यांचा बोल्ट घुसवला होता. माझी गाडी इंची मापाची, बोल्ट ५/१६चा, आटे बारीक, इंचाला २४. याने ८ मिलिमीटरचा मेट्रिक मारला. जाडीत फरक जवळपास नाहीच, ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर. पण मेट्रिकच्या आट्यांतलं अंतर सव्वा मिलिमीटर, माझ्या नटातलं एकाच्या जरा वर. तो पहिला फेरा बोटांनी जातो, मग अडतो. पुढे पान्याला जोर लागतो तेव्हा घट्ट बसला असं वाटतं, आणि आत आटे सोलले जात असतात.

मग गाडीखाली शिरून चुंबक लावला. शेजारी त्याच अंडरकोटिंगवरून पत्र्याला टच्चकन चिकटणारा चुंबक नटाभोवती गळून पडला. स्क्रू-ड्रायव्हर टोचला तर पुट्टीचा भुगा. वेल्डिंगचा एक थेंबही नव्हता.

जाब विचारला तर शांतपणे म्हणाला, "तुम्ही ओढून बघितली होती ना?" बघितली होती. हाताने.

दुसऱ्याकडे काम देताना आधीच सांगितलं, मी बघितल्याशिवाय रंग नाही, अंडरकोटिंग नाही, कार्पेट नाही. दोनदा गेलो. एकदा सडका पत्रा कापल्यावर, एकदा उघडं वेल्डिंग बघायला. बोल्ट मी स्वतः बोटांनी पाच-सहा फेरे लावले, पाना नंतर. निघालेला सगळा माल पिशवीत घालून घरी आणला.

शेजारची, ती 'फुकट बघून दिलेली' सीट रविवारी उघडणार आहे. तोवर तिच्यावर कोणाला बसू देत नाही.