पाऊस नाही तरी छत गळतंय म्हणून 19 हजार घालवले

आमचं घर ग्वाल्हेरला लष्कर भागात, जुनं, वरती पत्र्याची एक मोठी खोली आहे ती मुलाला अभ्यासाला दिलीय. मे मध्ये इथे पारा 45 च्या वर जातो, दुपारी त्या खोलीत पाय ठेववत नाही, म्हणून गेल्या उन्हाळ्यात एका ठेकेदाराकडून पत्र्याखाली ग्लासवूल (उष्णता अडवणारी काचतंतूंची गादी) आणि त्याखाली जिप्समचं फॉल्स सीलिंग करून घेतलं, 48,000 ला. बोलणं झालं होतं 50 एमएम ग्लासवूल, खालच्या बाजूला फॉइल, पत्रा आणि ग्लासवूलच्या मध्ये दोन इंच जागा आणि दोन्ही टोकांना हवा खेळायला जाळ्या. "भाभीजी, टेन्शन मत लो." उन्हाळा खरंच बरा गेला, खोटं कशाला बोलू.

डिसेंबरच्या शेवटी धुकं सुरू झालं आणि सीलिंगवर पिवळे डाग, मग पहाटे पलंगावर टपटप. ठेकेदार आला, वर चढला, म्हणे स्क्रूच्या भोकांतून लीकेज आहे, पत्र्यावर कोटिंग मारावं लागेल, 19,000. दिले. चार दिवसांनी परत टपटप. मग म्हणे जाळ्यांतून धुकं आत शिरतं, त्या बुजवून टाकू, 2,500 वेगळे. तेही दिले, ऐकायला पटतं ना! त्यानंतर तर दुप्पट गळायला लागलं.

शेवटी नाना (माझे सासरे) म्हणाले, "अगं पण पाऊस कधी पडलाय?" खरंच की! दिवाळीपासून थेंब नव्हता, मग लीकेज कशाचं?

ते पाणी आमच्याच खोलीतलं होतं. रात्री पत्रा उघड्या आभाळाखाली बाहेरच्या हवेपेक्षाही गार पडतो, आतली उबदार दमट हवा सीलिंगच्या फटींतून वर जाऊन त्याला लागली की तिथेच थेंब धरतात, फ्रिजच्या बाटलीला बाहेरून घाम येतो ना तसंच. खोलीत 20 डिग्री आणि दमटपणा 60 टक्के असेल तर 12 डिग्रीला पाणी सुटतं, जानेवारीत आमचा पत्रा त्याच्या कितीतरी खाली. आणि ओल पुरवणारे आम्हीच, बाजूच्या बाथरूममध्ये गीझरची आंघोळ आणि एक्झॉस्ट नाही, खोलीतच दोरीवर ओले कपडे, चिरंजीवांची चहाची शेगडी. एक किलो गॅस जळला की जवळपास दीड किलो पाणी वाफ होऊन हवेत जातं, हे मला कुठे माहीत.

दुसऱ्या मिस्त्रीकडून एक बोर्ड उघडवला. ग्लासवूल ओल्या गोधडीसारखं जड, पत्र्याला चिकटवून कोंबलेलं, मुलाच्या पट्टीने मोजलं तर 25 एमएम. फॉइल होतं पण जोडांवर टेपच नाही, म्हणजे वाफेला रस्ता मोकळाच, आणि तिला बाहेर काढणाऱ्या जाळ्या आम्ही पैसे देऊन बुजवलेल्या! ठेकेदाराला हे कळत नसेल असं मला तरी वाटत नाही, नाहीतर मोजून निम्मं ग्लासवूल लागलं नसतं.

आता तो फोन उचलत नाही. 1915 वर ग्राहक हेल्पलाइन आहे, पण आमच्याकडे पक्कं बिल नाही, एक कच्ची पर्ची, त्यावर फक्त "सीलिंग का काम" लिहिलेलं. तुम्ही करून घेत असाल तर जाडी, फॉइल, मधली जागा, जाळ्या सगळं बिलावर लिहून घ्या आणि बोर्ड लागायच्या आधी स्वतः शिडीवर चढून पट्टी लावून फोटो काढा, मिस्त्री तोंड वाकडं करेल, करू दे. आणि थंडीत गळलं तर कोटिंगच्या आधी कॅलेंडर बघा.

सध्या अर्धं सीलिंग उघडं आहे, ग्लासवूल गच्चीवर पसरून बघितलं, वास काही जात नाही, टाकूनच द्यावं लागेल. मुलगा खाली हॉलमध्ये, नानांच्या टीव्हीसमोर अभ्यास करतोय.