इंग्लिश कॉटेज देखणं, छप्पर नापास

मी धंद्यानं मिस्त्री. तुराट्यांचे कूड लिंपणारे आमच्या गावातले शेवटचे म्हणजे माझे वडील. त्यामुळे आर्वी रस्त्यावरच्या एका शेतात गवती छपराचं इंग्लिश कॉटेज बांधलंय असं ऐकलं, तेव्हा बायकोला घेऊन मुक्कामालाच गेलो.

बाहेरून झकास. पांढऱ्या भिंती, काळ्या लाकडाच्या उभ्या-आडव्या पट्ट्या, बुटक्या खिडक्या. हात लावून पाहिला तर पट्ट्या विटांवर नुसत्या ठोकलेल्या! इंग्लंडातल्या जुन्या घरांत तेच लाकूड सारं घर पेलतं, अन् मधल्या चौकटींत हेझल नावाच्या झुडपाच्या काड्या विणून त्यावर माती, शेण, पेंढा थापतात. म्हणजे आपला कूडच की. तुराट्या घेतल्या असत्या तर मालकाचे विटांचे पैसे वाचले असते.

पण खरा घोळ वर आहे. गवती छपराला तिकडे ४५-५० अंशांचा उतार देतात, जाडी फूटभर. मग पाणी काडीवरून काडीवर घसरत वळचणीला येतं, भिजतो तो फक्त वरचा थर. पन्हळ सहसा नसतेच. वळचण पुढे काढलेली, म्हणून पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात. पाणथळीतला बोरू नीट बसवला तर २५ ते ४० वर्षं टिकतो. इथं उतार ३० अंशही नसेल, गवत चार बोटं, खाली प्लास्टिक. रात्री झड लागली अन् उशाशी ठिबकायला लागलं. मालक म्हणतो, "काका, गवत म्हटलं की गळणारच." नाही गा, उतार दिला असता तर नसतं गळलं.

इंग्लंडातल्या डेव्हनकडचे लोक म्हणतात, मातीच्या भिंतीला चांगली टोपी अन् चांगले बूट पाहिजेत. बूट, म्हणजे जोतं, इथं पक्कं आहे. काळ्या दगडाचं, गुडघाभर उंच. हे काम ज्यानं केलं त्याला माझा रामराम.

मालकाला म्हटलं, एकदा सेवाग्रामला जाऊन या. गांधीजींची बापूकुटी मुळात त्यांच्या शिष्या मीराबेनची झोपडी. बाई इंग्रज, आरमारातल्या ॲडमिरलची लेक, पण घर उभं केलं ते इथल्याच मातीचं, बांबूचं, कवेलूंचं.

पाटोडीचा रस्सा झणझणीत. पाचपैकी अडीच तारे, त्यातला एक जोत्याचा. झडीत जाणार असाल तर मागची कवेलूची खोली मागा. यादीत नाही, पण विचारली की देतात.