आजारपणामुळे शिक्षण अर्धवट सुटलं, तर शैक्षणिक कर्ज कसं वागतं? सातारा-सांगलीच्या कर्जदारांसाठी परीक्षण

शैक्षणिक कर्ज घेताना बहुतेक घरं दोनच गोष्टी बघतात: व्याजदर किती आणि तारण लागतं का. मुलगी तिसऱ्या सेमिस्टरला आजारी पडून घरी आली आणि पुढे शिकणं जमलंच नाही, तर हे कर्ज कसं वागेल, हे सही करताना कुणी विचारत नाही. शाखेतला अधिकारीही आपणहून सांगत नाही. हे परीक्षण फक्त तेवढ्याच कसोटीवर आहे.

आधी निकाल. बँकांच्या संघटनेच्या, म्हणजे आयबीएच्या, आदर्श योजनेखाली राष्ट्रीयीकृत बँका देतात त्या कर्जाला कागदावर पाचपैकी चार गुण. त्याच कर्जाची शाखेतली अंमलबजावणी: अडीच. बिगरबँक वित्त कंपन्यांचं कर्ज: दीड. पतसंस्थेचं कर्ज या स्पर्धेत धरलेलं नाही. ते वैयक्तिक कर्जच असतं, नाव तेवढं शैक्षणिक.

आदर्श योजनेची रचना थोडक्यात अशी. ४ लाखांपर्यंत तारण नाही, आई किंवा वडील सहकर्जदार. त्यावर ७.५ लाखांपर्यंत जामीनदार. पण केंद्राच्या पतहमी निधीत बसणाऱ्या कर्जाला तोही लागत नाही. त्यापुढे घर, प्लॉट किंवा ठेव तारण. अभ्यासक्रम संपेपर्यंत आणि पुढे एक वर्ष हप्ता नाही (हीच हप्तेमाफी), या काळात व्याज सरळव्याजाने. फेड जास्तीत जास्त १५ वर्षं.

आजारपणाच्या बाबतीत या योजनेत दोन तरतुदी आहेत आणि दोन्ही चांगल्या आहेत. अभ्यासक्रम वेळेत पूर्ण झाला नाही, तर दोन वर्षांपर्यंत मुदतवाढ देता येते. कारण विद्यार्थ्याच्या हाताबाहेरचं असेल, तर मंजुरी देणारा अधिकारी त्याहूनही जास्त देऊ शकतो. आणि शिक्षण मधेच थांबलं, तर विद्यार्थी-पालकांशी बोलून परतफेडीचं योग्य वेळापत्रक ठरवायचं आहे. म्हणजे शिक्षण सुटलं म्हणून उद्यापासून सगळी रक्कम भरा, असं ही योजना म्हणत नाही. काउंटरवर कुणी तसं म्हणालं, तर लेखी मागा. बहुतेक वेळा लेखी मिळत नाही.

खरी मेख व्याज अनुदानात आहे. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ४.५ लाखांपर्यंत असेल आणि अभ्यासक्रम व्यावसायिक किंवा तांत्रिक असेल, तर हप्तेमाफीच्या काळातलं व्याज केंद्र सरकार भरतं. ही योजना २००९-१० पासून आहे. शिक्षण मधेच सोडणाऱ्याला, किंवा शिस्तीच्या अथवा शैक्षणिक कारणावरून काढून टाकलेल्याला, हे अनुदान मिळत नाही. अपवाद एकच: वैद्यकीय कारण, तेही संस्थाप्रमुखाचं समाधान होईल अशा कागदपत्रांसह. थोडक्यात, तुमचं अनुदान बँकेच्या नव्हे, प्राचार्यांच्या सहीवर अवलंबून आहे. आणि इथेच सर्वांत जास्त प्रकरणं बिघडतात.

कशी बिघडतात? प्रवेश रद्द करण्याच्या फॉर्मवर कारणाचा रकाना असतो. कॉलेजचा क्लार्क तिथे सवयीने ‘वैयक्तिक कारण’ किंवा ‘घरगुती अडचण’ लिहितो, पालकही त्या घाईत सही करतात. तेच कारण पुढे एलसीवर उतरतं. बँकेच्या दृष्टीने मग ही स्वेच्छेने केलेली गळती. दुसरा प्रकार याहून वाईट. मुलगा आजारी, घरी झोपून. कॉलेजला फोनवर कळवलेलं, कागद एकही नाही. हजेरी कमी भरते, टर्म ग्रँट होत नाही, नाव कमी होतं, आणि नोंद होते शैक्षणिक कारणाची. सहा महिन्यांनी डॉक्टरांचा दाखला घेऊन गेलात, तरी जुनी नोंद बदलायला कुणी धजावत नाही. म्हणून अर्ज आधी, घरी बसणं नंतर. तातडीने ॲडमिट करावं लागलं असेल, तर डिस्चार्ज कार्ड हातात पडताच त्याच आठवड्यात अर्ज द्या.

डॉक्टरांच्या दाखल्यावर चार गोष्टी हव्यात: उपचार कधीपासून सुरू आहेत, अभ्यासक्रम चालू ठेवणं सध्या शक्य नाही असं स्पष्ट वाक्य, अंदाजे किती काळ, आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक. ‘विश्रांतीचा सल्ला’ एवढ्यावर भागत नाही. तो सर्दी-तापाच्या रजेचा दाखला झाला. दाखला तज्ज्ञाचा असावा. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या सांगलीतल्या किंवा मिरजेतल्या रुग्णालयातून, अथवा साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातून कागद झाला, तर कॉलेज सहसा फाटे फोडत नाही. मानसिक आजार असेल, तर निदान सगळ्यांना सांगत बसायची गरज नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. मनोविकारतज्ज्ञांकडून ‘वैद्यकीय कारणास्तव शिक्षण चालू ठेवण्यास असमर्थ’ एवढंच लिहून घ्या, तपशिलाची फाईल घरी ठेवा. गावातल्या शाखेत कागद किती जणांच्या हातून फिरतो, हे वेगळं सांगायला नको.

प्राचार्यांच्या पत्रात मग वैद्यकीय कारण, शेवटच्या हजेरीची तारीख, आणि फी परत मिळणार असल्यास किती व कोणत्या खात्यात, हे तिन्ही यायला हवं.

पण थांबा, प्रवेश रद्दच करायचा आहे का? एक टर्म किंवा एक वर्ष थांबून परतता येत असेल, तर रद्द करू नका. नाव कायम ठेवून वैद्यकीय कारणावरून खंड मागा आणि बँकेकडून मुदतवाढ घ्या. परतफेड सुरूच होत नाही. कॉलेज शिवाजी विद्यापीठाशी संलग्न असो वा सांगलीच्या वालचंदसारखं स्वायत्त, विचारणा परीक्षा विभागात लेखी करा. मिळवलेले क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे एबीसी या क्रेडिट साठवणाऱ्या ऑनलाइन खात्यात, जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात. एबीसी आयडीवर ते खरंच चढलेत का, हे कॉलेज सोडण्याआधी बघा. चढवायचं राहून गेलेलं असणं अगदी नेहमीचं आहे.

फीच्या परताव्याचं गणित रोखठोक आहे. यूजीसीच्या नियमानुसार प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेआधी १५ दिवस किंवा जास्त असतील तर पूर्ण फी, त्यातून फार तर ५,००० रुपये कापून. त्या तारखेच्या आत, पण १५ दिवसांपेक्षा कमी उरलेले असतील तर ९० टक्के; तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के; ३० दिवसांपर्यंत ५० टक्के; पुढे शून्य. मूळ प्रमाणपत्रं अडवून ठेवायलाही मनाई आहे. सीईटी सेलमार्फत झालेल्या प्रवेशाला सेलच्या तारखा लागू होतात. त्या उलटल्या की हातात अनामत तेवढी. परतावा पालकांच्या बचत खात्यावर घेऊ नका, थेट कर्जखात्यात जमा करून घ्या. उपचारांच्या धावपळीत बचत खात्यातला पैसा कुठे जातो, ते सांगता येत नाही, आणि बँक पुढे त्याचा हिशोब मागते.

कॉलेजला अर्ज दिला त्याच दिवशी शाखेत दुसरा अर्ज: पुढचे टप्पे वितरित करू नका. व्याज लागतं ते उचललेल्या रकमेवर, मंजूर रकमेवर नाही. कॉलेजने फीचं मागणीपत्र पाठवलेलं असेल, तर बँक पुढच्या वर्षाची फी मुकाट्याने भरून मोकळी होते. ती मग शून्य टक्क्यांच्या रांगेत.

शाखेतल्या अडीच गुणांचं कारण असं. शिक्षण थांबल्याची नोंद प्रणालीत दोन्ही बाजूंनी चुकते. एक तर कुणी काही बदलत नाही. जुनी तारीख धरून खातं शांत पडून राहतं आणि व्याज साचत जातं. नाहीतर शाखा ‘अभ्यासक्रम बंद’ अशी नोंद करते आणि हप्ता लगेच सुरू होतो, पत्र जातं वसतिगृहाच्या पत्त्यावर. हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे बुडीत धरलेलं कर्ज. सहकर्जदार वडील असल्यामुळे त्यांचाही सिबिल, म्हणजे पतगुणांक, घसरतो, आणि तासगावच्या द्राक्षबागायतदाराला हे कळतं ते पीककर्जाच्या नूतनीकरणाला गेल्यावर. म्हणून अर्जात तीन प्रश्न थेट विचारा: हप्तेमाफी कोणत्या तारखेपर्यंत धरली, व्याज अनुदानाचा दावा वैद्यकीय अपवादाखाली पाठवला का, नवा हप्त्यांचा तक्ता कधी देणार. पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

आकड्यांत बघा. उचललेले ३ लाख, व्याज १० टक्के. हप्तेमाफीत महिन्याला २,५०० रुपये व्याज. १० वर्षांची फेड घेतली तर हप्ता साधारण ३,९६५, १५ वर्षांची घेतली तर ३,२२४. महिन्याला साडेसातशेचा दिलासा, पण एकूण सुमारे १ लाख ५ हजार जास्त जातात. तरीही आजारपण सुरू असताना १५ वर्षांचीच मुदत घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. बदलत्या व्याजदराच्या, म्हणजे फ्लोटिंग, कर्जावर मुदतपूर्व भरण्याला दंड नाही. कारखान्याचं ऊसबिल आलं की एकरकमी भरून मुद्दल कमी करता येतं. लहान हप्ता नंतर मोठा करता येतो. थकलेला मोठा हप्ता लहान करायला गेलात, तर क्रेडिट अहवालात ‘रिस्ट्रक्चर्ड’ असा शेरा लागू शकतो.

लोकअदालतीची नोटीस आली की तडजोडीचा मोह होतो. सूट मिळते, पण नोंद ‘सेटल्ड’ अशी राहते, ‘क्लोज्ड’ नाही. मुलगा बरा होऊन पुन्हा शिकायला निघाला, की ती आडवी येते. कर्जासोबत माथी मारलेला विमाही इथे कामाचा नसतो. तो मुख्यतः मृत्यूसाठी असतो, शिक्षण सुटण्यासाठी नाही. जुन्या करप्रणालीत कलम ८०ई खाली भरलेल्या व्याजाची वजावट मिळते, त्याला पदवी पूर्ण होण्याची अट नाही.

वित्त कंपन्यांना दीडच गुण का? आयबीएच्या तरतुदी त्यांना बंधनकारक नाहीत, अनुदान नाही, व्याजाचा काही भाग अनेकदा शिकत असतानाच भरावा लागतो, आणि शिक्षण थांबणं हीच करारभंगाची घटना मानणारं कलम करारात असू शकतं. सही करण्याआधी तेवढं एक पान शोधून वाचा.

शाखेने दाद दिली नाही, तर आधी जिल्ह्याच्या अग्रणी बँकेचा व्यवस्थापक: सांगलीत बँक ऑफ इंडिया, साताऱ्यात बँक ऑफ महाराष्ट्र. बँकेकडे लेखी तक्रार देऊन ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. तक्रार ऑनलाइन होते, शुल्क नाही, वकील लागत नाही. सोबत तीच पोच जोडायची.

तारण दिलेलं असेल, तर कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आहेत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. कागदांसोबत बोजा कमी करण्याचं पत्रही मागून घ्या आणि तलाठ्याकडे किंवा सिटी सर्व्हेत देऊन सातबारा अथवा प्रॉपर्टी कार्डावरचा बोजा उतरवून घ्या.