एर्फूदचा बिनतड्याचा ट्रायलोबाइट

मोरोक्कोत मर्झूगाचे वाळूचे डोंगर बघायला जाताना आमची गाडी एर्फूदला थांबली. थांबवलीच म्हणा. ड्रायव्हरचं तिथे कमिशन आहे हे पुदिन्याचा चहा संपायच्या आत कळलं होतं, आणि त्याचं मला फारसं वाईटही वाटलं नाही. त्यालाही पोट आहे.

जीवाश्मांच्या दगडांचा कारखाना मात्र अस्सल होता. काळ्या चुनखडीच्या मोठमोठ्या लाद्या पाण्याच्या धारेखाली करवतीने कापत होते, पायाखाली राखाडी चिखल. एका कारागिराने ओंजळभर पाणी एका मळकट लादीवर फेकलं आणि तळहाताने पुसलं. खालून पांढरे, लांबुडके शंकू उमटले, आत बांबूच्या पेरांसारखे कप्पे. ऑर्थोसेरास. माखली-माकूलच्या नात्यातला, सरळ कवचाचा प्राणी. त्याच्या शेजारी त्याच नात्यातले, गुंडाळी झालेले गोनियाटाइट. हा सगळा भाग तेव्हा समुद्राखाली होता. डेव्होनियन काळ म्हणजे साधारण 42 ते 36 कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट. या लाद्यांची टेबलं होतात, वॉश-बेसिन होतात, ताटल्या होतात. मी 60 दिरहॅमला साबणदाणी घेतली. ती खरी आहे, आजही वापरात आहे.

त्या खरेपणानेच माझा घात केला. समोर दगड कापताना बघितला, आता इथे कोण फसवणार?

मागच्या दालनात ट्रायलोबाइट मांडले होते, म्हणजे कधीच नामशेष झालेल्या, कवचाच्या समुद्री किड्यांचे जीवाश्म. एक विक्रेता "इंडिया! शाहरुख खान!" करत जवळ आला. त्याने दोन नग काढले. एक फेकॉप्स जातीचा, अंगठ्याएवढा, पण दगडाला मधोमध तडा आणि तो तडा थेट किड्याच्या पाठीवरून गेलेला, डिंकासारखं काहीतरी लावून जोडलेला. किंमत 200 दिरहॅम. दुसरा तळहाताएवढा, पाठीवर लांब काटे, कुठे ओरखडाही नाही. 1500.

"अगं, जोडलेला दगड कशाला नेतेस?" नवरा म्हणाला. मलाही पटलं. घासाघीस करून मोठा 700 ला आणला. अर्ध्याहून कमी भावात मिळाला म्हणून गाडीत बसल्यावर स्वतःचीच पाठ थोपटली.

घरी आल्यावर भाचा आला. भूगर्भशास्त्र शिकतो, खिशात कायम दहापट मोठं दाखवणारं भिंग. दोन मिनिटं बघितल्यावर म्हणाला, "मामी, रागावू नका, पण कडेला बघा." बघितलं. किडा आणि दगड जिथे भेटतात तिथे सुईच्या टोकाएवढी गोल गोल छिद्रं. रेझिन साच्यात ओतताना अडकलेल्या हवेचे बुडबुडे. मग त्याने सुई तापवून खालच्या काट्याला टेकवली. सुई आत गेली आणि प्लास्टिक जळाल्याचा वास आला. खालचा दगड मात्र अस्सल. म्हणूनच हातात घेतल्यावर वजन बरोबर लागलं होतं.

आणि मग त्याने जे सांगितलं ते जास्त झोंबलं. खरा ट्रायलोबाइट शोधतात कसा? हातोड्याने दगड फोडत जायचं आणि फुटलेल्या कडेवर कवचाची रेघ दिसते का ते बघायचं. दिसली की दोन्ही तुकडे परत चिकटवायचे आणि मग बारीक अवजारांनी दिवसचे दिवस वरचा दगड टिपत बसायचं. म्हणजे तो तडा ही खोट नव्हती, तो जवळजवळ दाखलाच होता. मी तोच नाकारून आले.

काटे मोकळे, हवेत उभे राहतील असे कोरलेला खरा नग असतोही, पण त्यामागे इतकी मेहनत असते की तो 700 ला मिळत नाही. फेकॉप्सचे डोळे बघायचे: खऱ्यात भिंगांच्या रांगा असतात, प्रत्येक भिंग सुटं दिसतं. माझ्या नगाचे डोळे नुसते फुगीर टेकाड. आणि एकाच फळीवर हुबेहूब सारखे, त्याच कोनात वळलेले तीन किडे दिसले की समजायचं, साचा एकच आहे. तिथे असे होते, आता आठवतं. तेव्हा मला ते "सुंदर मांडलेले" वाटले होते.

आमच्याबरोबरच्या एका गृहस्थांनी मोसासॉरचा, म्हणजे डायनोसॉरच्या काळातल्या प्रचंड समुद्री सरड्याचा, जबडा घेतला होता, सात दात असलेला. भाच्याला फोटो दाखवला. त्याच्या मते दात बहुधा खरे, मोरोक्कोतल्याच खुरीब्गाच्या फॉस्फेटच्या खाणींत ते भरपूर सापडतात. जबडा मात्र वाळू आणि गोंदाचा दिसतोय. त्या गृहस्थांना मी अजून कळवलेलं नाही. त्यांनी तो दिवाणखान्यात काचेच्या पेटीत ठेवलाय.

माझा ट्रायलोबाइट भाचा वर्गात दाखवायला घेऊन गेला. "परत आणून देतो," म्हणाला. नको म्हटलं.