अंदमानात मुक्काम कुठे करावा: पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक की नील?

हरभरा निघाला, तुरीचे पैसे हाती आले आणि पऱ्हाटीची शेवटची वेचणी आटोपली, की आमच्या तालुक्यातली दोन-चार कुटुंबं अंदमानचं ठरवतात. तिकिटाचं कोणीही सांगतं. घोडं अडतं ते पुढे: सहा रात्री हाताशी आहेत, त्या कोणत्या बेटावर काढायच्या? एजंटच्या कागदावर उत्तर बहुधा आधीच छापलेलं असतं. चार रात्री पोर्ट ब्लेअर, दोन हॅवलॉक, आणि नील जाता-जाता. मला ही वाटणी पटत नाही. ज्यांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहायचा आहे, त्यांच्यासाठी तर मुळीच नाही.

आधी नावांचं पाहू, नाहीतर तिकीट हातात आल्यावर घोळ होतो. २०१८ मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप झालं, २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम. सरकारी कागदांवर नवी नावं असतात, रिक्षावाल्यांच्या तोंडी अजून जुनीच आहेत. मीही इथे जुनीच वापरते.

दुसरी गोष्ट घड्याळाची. अंदमान आपल्या कितीतरी पूर्वेला आहे, पण घड्याळ आपलंच. त्यामुळे डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारास सूर्य बुडतो आणि एप्रिलमध्ये पहाटे पाचलाच उजाडतं. मुक्कामाचा सगळा हिशेब इथूनच सुरू होतो. पोर्ट ब्लेअरला राहून सकाळच्या बोटीने हॅवलॉक किंवा नीलला गेलं आणि दुपारच्या बोटीने परतलं, तर वाट्याला येतं ते फक्त भर दुपारचं ऊन. पहाटेचा आणि मावळतीचा समुद्र पाहायचा, तर रात्र त्याच बेटावर काढावी लागते. गावाकडच्या माणसाला चारला उठायची सवय असते. तिथे ती फार कामाची आहे.

पोर्ट ब्लेअर

पहिली रात्र इथेच, त्याला इलाज नाही. नागपूरहून विमान बदलूनच जावं लागतं. बडनेरा-वर्ध्याकडचे लोक हावडा गाडीने कोलकात्याला आणि चंद्रपूर-बल्लारशाकडचे चेन्नईला जाऊन तिथून विमान धरतात, म्हणजे अंग आधीच आंबलेलं असतं. त्याच दिवशी बोटीत बसवून म्हाताऱ्या माणसांचे हाल करू नयेत.

आणि हे शहर नुसतं वाटेवरचं ठाणं नाही. सेल्युलर जेलचं बांधकाम १८९६ मध्ये सुरू झालं आणि १९०६ मध्ये संपलं. मधल्या मनोऱ्यापासून सात इमारती फाकल्या होत्या, आज तीनच उभ्या आहेत. पाडलेल्या भागाच्या जागेवर गोविंद वल्लभ पंत रुग्णालय आहे. सावरकर १९११ ते १९२१ इथे होते. त्यांच्या कोठडीत मराठी माणूस नुसता पाहून बाहेर येत नाही, थोडा वेळ थांबतोच. जेल दिवसाउजेडी पाहा आणि संध्याकाळचा हिंदीतला ध्वनिप्रकाश कार्यक्रमही पाहा. समोरच्या रॉस बेटावर छोट्या बोटीने जाता येतं. इंग्रजांच्या पडक्या इमारतींना झाडांच्या मुळांनी कवेत घेतलंय, आणि मधून हरणं फिरतात.

खोली घ्यायची तर अबर्डीन बाजाराच्या आसपास. जेल, रॉसच्या बोटींचा धक्का, औषधाचं दुकान, शाकाहारी जेवण, सगळं जवळ. कॉर्बिन्स कोव्हकडे खोलीतून समुद्र दिसतो, पण प्रत्येक वेळी रिक्षा करावी लागते. शहराचा म्हणावा असा किनारा तेवढाच, आणि पुढची बेटं पाहिली की तो साधा वाटतो. म्हणूनच इथे चार रात्री काढण्यात मला अर्थ दिसत नाही.

जास्त रात्रींसाठी एजंट बाराटांग बेटाचं कारण देतात. मध्यरात्र उलटल्यावर उठायचं, जिरकाटांगच्या नाक्यावर रांग लावायची, जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून गाड्यांच्या ताफ्यासोबत जायचं आणि पुढे चुनखडीच्या गुहा पाहायच्या. गुहा चांगल्या आहेत, पण गुडघे दुखणाऱ्या माणसांना हा दिवस झेपत नाही. वाटेत गाडी थांबवणं, फोटो काढणं, खायला देणं यांवर बंदी आहे, आणि ती मनापासून पाळावी. जारवा दिसतील या आशेने जाणाऱ्यांनी तर जाऊच नये. भामरागड-मेळघाटाकडे शहरातले लोक गाडीतून उतरून माडिया, कोरकू माणसांसमोर कॅमेरा धरतात, तेव्हा कसं वाटतं हे आपल्या भागाला वेगळं सांगायला नको.

हॅवलॉक

इथे बेट निवडून भागत नाही, बेटाची बाजूही निवडावी लागते. इथले लोक किनाऱ्यांना क्रमांकाने ओळखतात. बोटी लागतात त्या बाजूला बाजाराचं गोविंदनगर म्हणजे तीन नंबर, थोडं पुढे विजयनगर म्हणजे पाच नंबर, आणि बेटाच्या दुसऱ्या अंगाला राधानगर म्हणजे सात नंबर, जेटीपासून सुमारे १२ किलोमीटर.

राधानगर हा बेटावरचा सर्वांत देखणा किनारा, यात वाद नाही. टाइम मासिकाने २००४ मध्ये त्याला आशियातला सर्वोत्तम ठरवलं होतं. वाळू पांढरी आणि मऊ, पाणी हळूहळू खोल होत जाणारं, मागे उंच झाडांचं जंगल. सूर्य इथे थेट समुद्रात बुडतो. पण राहायच्या जागा कमी आणि त्यांतल्या चांगल्या फार महाग. अंधार पडल्यावर रिक्षा शोधावी लागते, जेवायला पर्याय थोडे.

विजयनगरच्या बाजूला खोल्या स्वस्तापासून मध्यम दरापर्यंत मिळतात आणि सूर्योदय अंगणातून दिसतो. एक गोष्ट मात्र कोणी आधी सांगत नाही. ओहोटीला या बाजूचं पाणी दूरवर मागे जातं आणि खडक उघडे पडतात. नदीचा पूर वर्षातून एखाद्या वेळी पाहणाऱ्या आपल्यासारख्यांना, समुद्र रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. हॉटेलवाल्याला भरती-ओहोटीच्या वेळा विचारून घ्या. ओहोटीच्या वेळी पाण्यात उतरायला गेलात, तर पायाला खडक लागतील आणि मन खट्टू होईल.

माझा कौल विजयनगरला. राधानगरला दुपारी तीनच्या सुमारास जावं, सूर्य बुडेपर्यंत बसावं, आणि जाताना केलेल्या रिक्षावाल्यालाच परतीचं सांगून ठेवावं.

तरुण मंडळींसाठी हॅवलॉकला तोड नाही. एलिफंट बीचला बोटीने जाऊन पाण्याखालची प्रवाळं पाहता येतात. स्कूबा डायव्हिंगच्या पहिल्या अनुभवासाठी पोहता यावंच लागतं असं नाही, प्रशिक्षक सोबत असतो. दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर तो लपवू नका, आणि विमानाच्या आदल्या दिवशी डायव्हिंग करू नका. खोल पाण्यातून आल्यावर लगेच उंचावर जाणं शरीराला घातक ठरू शकतं.

नील

एजंटच्या कागदावर सगळ्यात कमी वेळ मिळतो तो या बेटाला, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त हक्क त्याचाच.

नील हे शेतीचं बेट आहे. पोर्ट ब्लेअरच्या बाजारात इथला भाजीपाला जातो. जेटीवरून आत शिरलं की भाताची बांधं, वांगी, केळी, सुपारी आणि नारळ. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना इथे वसवलं गेलं, आणि गावांची नावं रामायणातली आहेत: भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, रामनगर. मुलचेरा-चामोर्शीकडच्या वाचकांना ही वस्ती, ते तळ्याकाठचं घर आणि अंगणातली भाजी ओळखीची वाटेल, कारण त्यांच्या शेजारीही अशीच बंगाली गावं आहेत. हिंदी सगळ्यांना येते. आमच्याकडचा शेतकरी तिथल्या बांधावर थांबला की पाच मिनिटांत पाण्यावर, खतावर आणि भावावर बोलणं सुरू होतं. त्यासाठी गाइड लागत नाही.

भरतपूरचा किनारा जेटीला लागूनच. भरतीच्या वेळी पाणी उथळ आणि शांत, लहान मुलांना उतरवायला मला हीच जागा सगळ्यात बरी वाटते. काचेच्या तळाच्या बोटीतून आजी-आजोबांनाही कपडे न भिजवता प्रवाळं दिसतात. सूर्योदयाला सीतापूर आणि सूर्यास्ताला लक्ष्मणपूर, दोन्हीकडे जेटीपासून काही किलोमीटरच जायचं. सायकलवर सगळं बेट होतं. लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या किनाऱ्यावर समुद्राने कोरलेला दगडी पूल आहे. तो ओहोटीलाच नीट पाहता येतो आणि वाट निसरड्या खडकांची आहे, म्हणून चांगल्या पकडीचे बूट हवेत. जाता-जाता नील पाहणाऱ्यांच्या बोटीची वेळ आणि ओहोटीची वेळ जुळली नाही, तर पूल हुकतोच.

उणीवाही सांगते. हॉटेलं कमी, एटीएम मोजके, म्हणून रोख रक्कम पोर्ट ब्लेअरहून आणा. आरोग्य केंद्र लहान आहे. रात्री आठनंतर करण्यासारखं काही नाही. बाजारहाट आवडणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी कंटाळा येऊ शकतो. माझ्या सासूबाईंना मात्र तिथून हलावंसं वाटेना. “समुद्र पाहाले आलो ना आपन, मंग दुसरीकडं कायले जाचं?” असं म्हणून त्या पाण्यात पाय सोडून बसल्या.

दिगलीपूर फार उत्तरेला आहे, रस्त्याने पूर्ण दिवस जातो. दोन बेटांना जोडणारा वाळूचा पट्टा, ७३२ मीटरचं सॅडल पीक आणि हिवाळ्यात कालीपूरला अंडी घालायला येणारी कासवं पाहायला मिळतात. दहा रात्री असतील तरच तिकडे वळावं. लिटल अंदमान पहिल्या सहलीत धरूच नका.

कोणी कुठे राहावं

सहा रात्रींची माझी वाटणी अशी: एक पोर्ट ब्लेअर, दोन हॅवलॉक, दोन नील, आणि शेवटची परत पोर्ट ब्लेअर. शेवटच्या रात्रीवर तडजोड नको. हवा बिघडली की बोटी रद्द होतात, आणि बेटावर अडकलात तर विमान सुटतं.

घरात सत्तरीपुढची माणसं असतील, साखर-बीपीच्या गोळ्या चालू असतील, तर हॅवलॉक वगळा. तीन रात्री नीलला आणि परतीची रात्र धरून तीन मोठ्या रुग्णालयाजवळ पोर्ट ब्लेअरला. नवं जोडपं किंवा मित्रांचा गट असेल तर हॅवलॉकला तीन रात्री द्या आणि वाढलेली एक रात्र पोर्ट ब्लेअरमधून नव्हे, नीलमधून कापा. जेवणाच्या बाबतीत तिन्हीकडे भात आणि मासळी जास्त. शाकाहारी जेवण मिळतं, भाकरीची आशा ठेवू नका. शेंगदाण्याची चटणी आणि सातूचं पीठ सोबत असलं की सकाळ निभावते.

महिना निवडताना आपलं शेतीचं वेळापत्रक चांगलं जुळतं. फेब्रुवारी ते एप्रिल आपण मोकळे असतो आणि समुद्रही शांत असतो. नाताळ-नववर्षात गर्दी आणि दर दोन्ही चढे. शाळेच्या सुट्ट्यांसाठी मे धरायचा असेल, तर पहिला पंधरवडाच धरा. मान्सून अंदमानात पोचल्याची बातमी आपण मेच्या तिसऱ्या आठवड्यात कान टवकारून ऐकतो. आपल्यासाठी ती पेरणीची चाहूल असते, पण तिथे त्या दिवसांत समुद्र खवळतो.

बुकिंग करताना आधी बोट पक्की करा आणि मग खोली. खासगी वेगवान बोट पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला सुमारे दीड ते दोन तासांत पोचवते. सरकारी बोट स्वस्त, पण हळू. पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील आणि परत पोर्ट ब्लेअर असा फेरा घेतला, तर एकाच पाण्यातून दोनदा जावं लागत नाही. उलटीची गोळी बोट सुटायच्या अर्धा तास आधी घ्यावी आणि प्रत्येकाने आपलं ओळखपत्र स्वतःच्या खिशात ठेवावं.